आधी माझ्यावर

दीपमालाबद्दल लिहायचं तर तिच्या मांडीपासून सुरुवात करावी लागते, आणि असं वाक्य लिहिणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे पुण्यात लोक चष्म्यावरून बघतात. बघू देत. मी शनिवार पेठेत जन्मले, तिथेच पिकले, लोकांनी चष्म्यावरून बघायची मला सवय आहे. ज्या पायाच्या भरवशावर आमचा अख्खा विभाग इतकी वर्षं चालला, त्याच्याबद्दल लाजत लिहिणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

मी एका मोठ्या रुग्णालयात नसांच्या तपासणी विभागात होते. बाहेरच्या टेबलावर बसून वेळा द्यायच्या, आलेल्यांना शांत बसवायचं, रिपोर्ट टाइप करायचे आणि "किती वेळ लागेल?" या प्रश्नाला "लागेल तेवढा" हे उत्तर द्यायचं, हे माझं काम. तपासणी आतल्या खोलीत. लोक तिला शॉकची टेस्ट म्हणत, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं. नसेवर एका ठिकाणी बारीकसा करंट द्यायचा, ती नस ज्या स्नायूला हलवते त्यावर पट्टी चिकटवायची, आणि स्नायू कसं उत्तर देतो ते पडद्यावर बघायचं. सगळं धडधाकट असलं की पडद्यावर छान उंच डोंगर उमटतो. डोंगर उशिरा उमटला तर नसेत घोळ. वेळेवर उमटूनही बुटका निघाला तर घोळ निराळा, आणि बऱ्याचदा जास्त वाईट. एवढं मला बाहेर बसूनही कळायला लागलं होतं.

हाताची टेस्ट सोपी, पोटरीचीही सोपी. मांडीची मात्र सगळ्यांच्या नावडीची, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंना हलवणारी नस जांघेत सापडते. तिथे करंट देणारी काडी दाबून धरायची आणि बटण दाबायचं. पाय ताडकन उडतो. बायका तर टेबलावर चढायलाच तयार नसत. दीपमालाच्या आधी जे गृहस्थ हे काम करत, ते पडद्यापलीकडून "काही होत नाही हो!" असं ओरडायचे, आणि त्या ओरडण्यानेच निम्म्या बायका चपला घालून परत जायच्या.

दीपमाला आली नव्वद साली. मूळची अकोल्याकडची. नवरा आनंद खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागला, म्हणून लहान मुलीला घेऊन ती इथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आली. काम नागपूरला शिकलेली. पहिल्या दिवशी तिने डबा उघडला आणि त्यातल्या ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. मी तिला पहिली दोन वर्षं अहो-जाहो करत होते. आम्ही पेठेतली माणसं नव्या माणसाला आत घेण्याआधी उंबऱ्यावर जरा उभं करतो. ती बिचारी उभी राहिली, आणि मग एक दिवस मीच तिच्या डब्यातला ठेचा मागून घेतला.

तिची रीत मी पहिल्यांदा पाहिली ती यमुनाबाईंच्या वेळी. हडपसरच्या पलीकडच्या एका गावातून त्या आल्या होत्या. नऊवारी, हातात पिशवी, उजवा पाय जिन्यावर दुमडायचा. करंट हा शब्द ऐकला आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"माझा दीर मोटारीचा करंट लागूनच गेला. मला न्हाई लावून घ्यायचा. पाय ऱ्हाऊ द्या तसाच, जीव तर हाय!"

मुलगा समजावून दमला. मी माझ्या पद्धतीने समजावलं, म्हणजे "नको तर नको, पुढचा कोण आहे?" असं विचारलं. तेवढ्यात दीपमाला बाहेर आली, म्हातारीचा हात धरून तिला आत घेऊन गेली. पडदा ओढायला म्हणून मीही आत गेले. बघते तर दीपमाला स्वतःच टेबलावर चढून बसलेली. साडी वर, मांडीवर पट्टी, जांघेत काडी. तिने बटण दाबलं. तिचा पाय उडाला, पडद्यावर डोंगर उमटला, आणि ती हसली.

"पाहा माय. आधी माझ्यावर, मग तुमच्यावर. मेली का मी?"

"न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या.

"दुखलं असतं तर हसली असती का?"

यमुनाबाईंनी थोडा विचार केला आणि पिशवी माझ्या हातात दिली. टेस्ट झाल्यावर दीपमालाने कोमट पाण्यात फडकं बुडवून त्यांच्या मांडीवर पट्टीखाली लावलेली जेली पुसून काढली. ते काम तिने कधी मावशींना करू दिलं नाही. जाताना यमुनाबाई म्हणाल्या, "पोरी, तुझ्या पायात लई जोर हाय." पुढे ज्या ज्या पेशंटला भीती वाटली, त्या प्रत्येकाच्या आधी तिने स्वतःला शॉक देऊन घेतला. पुरुष पेशंट असला तर हातावर, बाई असली तर जिथे टेस्ट असेल तिथे.

यातूनच आमच्या विभागाची एक पद्धत पडली. विभागप्रमुख डॉक्टर हिंदुराव जगदाळे साताऱ्याकडचे, बोलायला रांगडे, मनाने मऊ. पुस्तकातले आकडे परदेशातल्या पायांचे आहेत, आपल्याला आपला पाय हवा, असं त्यांचं म्हणणं. दीपमालाचा डोंगर रोजचाच पाहण्यातला, नेहमी तेवढ्याच उंचीचा. मग यंत्राबद्दल शंका आली की डॉक्टर म्हणायचे, "दीपमालावर लावून बघा." तिचा डोंगर नेहमीसारखा आला तर यंत्र ठीक. नाही आला तर यंत्रात बिघाड. तसं दोनदा झालंही, आणि दोन्ही वेळा खरोखरच वायर तुटलेली निघाली. सोनाराकडे वजनं असतात, तशी आमच्याकडे दीपमाला होती.

खंडेनवमीला तर तो सोहळाच असायचा. कारखान्यात आनंद लेथला हार घालायचा, इथे दीपमाला यंत्राला. हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढे, आणि पूजा झाली की दीपमालाचा पाय. डोंगर उमटला की डॉक्टर म्हणायचे, "झालं, एक वर्षाची काळजी मिटली." मग पेढे वाटायचे. आधी कुणी पेढ्याला हात लावायचा नाही.

ती दरवर्षी माझ्या मागे लागायची. "ताई, एकदा तुमचा पण पाय द्या ना. एकाच पायावर सगळं कसं चालायचं? उद्या मी नसले तर?"

"तू कुठे निघालीयस? आणि माझ्या पायाची इतकी चौकशी माझ्या नवऱ्यानेही कधी केली नाही. मी नाही देणार."

खरं सांगायचं तर मला विजेची भीती वाटते. घरातला दिवासुद्धा मी शेजारच्यांकडून बदलून घेते. दीपमालाला ते ठाऊक होतं, म्हणूनच ती विचारायची आणि मी नाही म्हटलं की खुदकन हसायची.

दिवस बदलत गेले. बाहेर देशाची दारं उघडली म्हणत होते. आमच्याकडे ते कळलं पेशंटवरून. पूर्वी यायचे ते साखरेच्या आजारातले आजोबा, शेतातून पडलेले, कारखान्यात दुखावलेले. आता गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली पंचविशीची मुलं मनगट धरून यायला लागली, आणि थांबायला सांगितलं की मला इंग्रजीत समजावायची. मीही त्यांना मराठीत थांबवायचे. दीपमाला आणि आनंदने क्वार्टर सोडून वारज्याला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण खिडकीतून टेकडी दिसते म्हणून दीपमाला हरखली होती. मुलगी श्रद्धा इंजिनिअर होऊन हडपसरला आयटीत लागली. सकाळी कंपनीची गाडी चौकातून तिला न्यायची आणि दीपमाला तिसऱ्या मजल्यावरून खाली पळत जाऊन विसरलेला डबा तिच्या हातात द्यायची. हे ती मला रोज कौतुकाने सांगायची आणि मी रोज म्हणायचे, "इंजिनिअर झाली, डबा आठवत नाही."

तशातच आमचं जुनं यंत्र गेलं आणि नवं आलं. जुन्यावर हिरवी रेघ पळायची आणि कागदाची गुंडाळी निघायची. नवं परदेशी, कॉम्प्युटरचं, प्लायवूडच्या पेटीतून आलेलं. आकडे आपले आपणच काढायचं. जुनं भंगारात निघालं त्या दिवशी दीपमालाने त्याला हार घातला आणि हातगाडीमागे फाटकापर्यंत गेली. नव्याशी तिचं काही जमेना. "ही मशीन माझा हात ओळखत नाही," म्हणायची. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा आळ नव्या यंत्रावर जाणं अगदी साहजिक होतं.

नव्या यंत्रावरच्या पहिल्याच खंडेनवमीला दीपमालाचा डोंगर जरा बुटका आला. डॉक्टर म्हणाले, नव्याचं माप वेगळं असेल. पेढे वाटले. दिवाळीनंतर आणखी बुटका. संक्रांतीच्या सुमाराला तर ती पडद्याकडे बघून वैतागली. "पाहा ताई, करोडोच्या गप्पा आणि माझा डोंगर पण धड दाखवत नाही!" हातांच्या टेस्ट बरोबर यायच्या. मांडीची टेस्ट तशी क्वचितच लागायची, आणि ज्यांची लागायची त्यांच्या नसा आधीच दुबळ्या. एखाद्याचा डोंगर चांगला आला की आम्ही म्हणायचो, आज मूड बरा दिसतोय यंत्राचा. म्हणजे लूज कॉन्टॅक्ट असणार. असं सगळं आम्ही नीट जुळवून ठेवलं.

यंत्राच्या कंपनीला पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी जीव ओतून केलं. "आपण पाठवलेलं यंत्र प्रेक्षणीय आहे. ते तपासणीसाठीही वापरता आल्यास आम्ही ऋणी राहू," असं एका पत्रात लिहिल्याचं आठवतं. डॉक्टर पोट धरून हसले आणि सही केली. मग कंपनीचा इंजिनिअर येऊ लागला. तेजस नावाचा तरुण मुलगा, पाठीवर सॅक, गोड स्वभावाचा. त्याने वायरी बदलल्या, पट्ट्या बदलल्या, एक अख्खी पेटी बदलली. "मॅडम, डिव्हाइस ओके आहे. मी सगळं चेक केलंय."

"तुम्ही चेक केलंत हो," मी म्हणायचे, "पण दीपमालाने नापास केलंय."

त्याला वाटायचं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. आमच्याकडे तेच माप होतं. ते माप चुकू शकतं, हे इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

आणि मनात येण्यासारखं बरंच काही डोळ्यांसमोर होतं. ती जिना उतरताना कठडा धरू लागली होती. आम्ही म्हटलं, नव्या चपला. स्कूटीला किक मारताना गुडघा दगा द्यायचा. आम्ही म्हटलं, वारज्याचे खणलेले रस्ते, गुडघे कुणाचे टिकतील? माझ्याकडे हळदीकुंकवाला आली तेव्हा सतरंजीवरून उठताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मांडीवर जोर देऊन उठली. मी म्हटलं, "चाळिशी झाली बाई तुझी." ती म्हणाली, "झाली ना बाप्पा." दोघी हसलो आणि तिने वाण घेतलं.

उन्हाळ्यात तेजस पुन्हा आला. वरिष्ठांनी त्याला तंबी दिली होती की ही तक्रार मिटवूनच ये. सकाळपासून त्याने यंत्र उघडलं, जोडलं, दीपमालावर लावलं. बुटका. पुन्हा उघडलं. पुन्हा बुटका. दुपारी तो घामाने डबडबून म्हणाला, "सर, एक रिक्वेस्ट आहे. एकदा माझ्यावर लावून बघूया का?"

मी बाहेरून म्हटलं, "अवश्य. कंपनीने पहिल्यांदा काहीतरी अंगाला लावून घेतलं."

डॉक्टर त्याला पडद्याआड घेऊन गेले. पुरुष पेशंट म्हणून पट्टी, काडी, बटण सगळं डॉक्टरांनीच केलं. दीपमाला पडद्याच्या या बाजूला कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसली होती. मी दारात. आतून बटणाचा आवाज आला, तेजस "आई गं!" म्हणाला, आणि कॉम्प्युटरवर डोंगर उमटला. उंच, टोकदार. इतका उंच की वरून कापला गेला.

"आला का?" आतून तेजस ओरडला. "आला ना? बघा मॅडम, मी म्हणत होतो! डिव्हाइस एकदम परफेक्ट आहे!" इतका आनंद झाला होता त्या पोराला. तो आतच टाळ्या वाजवत होता.

बाहेर दीपमाला त्या डोंगराकडेच बघत होती. मग तिने हात हळूच स्वतःच्या मांडीवर ठेवला. डॉक्टर पडदा सारून बाहेर आले, त्यांनी कॉम्प्युटरवरचा डोंगर पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मागून पँट सावरत, हसत आलेला तेजस आमच्या चेहऱ्यांकडे बघून जागीच थांबला. "काय झालं? ठीक आहे ना आता?" त्याने विचारलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिची सुईची तपासणी केली. ती टेबलावर आडवी झाली आणि म्हणाली, "पडदा माझ्याकडे वळवा सर." ते नको म्हणत होते. तिने वळवून घेतला. डोंगर वेळेवर सुरू होत होता, पण उंची गेली होती, आणि सुईने दाखवलं ते त्याहून वाईट होतं. नुसत्या मांडीत नाही, हातांतही. मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच एकेक करून मरत जातात. औषध नाही. असे पेशंट तिने स्वतःच्या हातांनी तपासले होते, ते पुढे कसे येत आणि मग यायचे बंद होत, तेही पाहिलं होतं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत होते. मला वाटतं ते स्वतःलाच सांगत होते.

त्या संध्याकाळी मी तिला रिक्षाने वारज्याला सोडायला गेले. पुलावर आल्यावर ती म्हणाली, "ताई, त्या मशीनला किती बोललो आपण. किती वाईटसाईट बोललो." आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडी हळू केली. मला त्या क्षणी यंत्राचा, डॉक्टरांचा, तेजसचा, देवाचा, सगळ्यांचा संताप आला होता. त्यातल्या त्यात देवाचा जास्त.

श्रद्धाने ऑफिसातून, घरून, इंटरनेटवर सगळं जग पालथं घातलं. अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या डॉक्टरांना लिहिलं. ते लोक सभ्य. सगळ्यांनी लगेच उत्तरं दिली, आणि सगळ्यांचं उत्तर एकच होतं. आनंद कमी बोलणारा माणूस, तो आणखी कमी बोलू लागला. कारखान्यातून येऊन तो तिला धरून खिडकीपाशी बसवायचा आणि दोघं टेकडी बघायची.

चालता येत होतं तोवर दीपमाला कामावर येत राहिली. तिच्या जागी अस्मिता नावाची मुलगी घेतली होती, आमच्या पेठेतलीच, हुशार पण घाबरट. दीपमालाने तिला खुर्चीत बसून सगळं शिकवलं. काडी कुठे धरायची, किती दाबायची, म्हाताऱ्या बाईशी काय बोलायचं, जेली कशी पुसायची. आणि मुख्य म्हणजे, "आधी स्वतःवर, मग पेशंटवर." पावसाळ्यात जिना तिच्या आवाक्याबाहेर गेला आणि येणं थांबलं. तिची खुर्ची अस्मिता रोज पुसायची, पण तिच्यावर बसायची नाही. मी दर रविवारी वारज्याला जायचे. प्रत्येक वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी कुबडी गेली आणि चाकाची खुर्ची आली, मग वेणी स्वतः घालणं गेलं, मग घास. तरी दर वेळी ती आधी विचारायची, "मशीन कशी आहे?"

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळीच आनंदचा फोन आला. "सरोजिनीताई, ती म्हणते पूजेला यायचंय. ऐकत नाही." त्याने तिला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवलं, श्रद्धाने रजा टाकून चाकाची खुर्ची खाली आणली, आणि ती विभागात आली. हिरवी साडी, कपाळावर टिकली, आणि एवढीशी झालेली. यंत्राला हळदकुंकू तिने आनंदच्या हाताने लावलं, म्हणजे त्याने तिचा हात धरून लावलं. अस्मिताने माळ घातली. पेढ्यांचा खोका टेबलावर होता. पण त्याला कुणी हात लावला नाही, कारण पूजेनंतर दीपमालाचा पाय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"लाव," ती अस्मिताला म्हणाली. जीभही जड झाली होती तिची. "दरवर्षी लागतो."

अस्मिताने हातातली पट्टी परत टेबलावर ठेवली. "मॅडम, मला नाही जमणार."

"आधी स्वतःवर. मग माझ्यावर. शिकवलं ना?"

अस्मिता रडायलाच लागली. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. आनंद चाकाच्या खुर्चीची मूठ घट्ट धरून उभा होता. मी पाहिलं, त्याची नजर यंत्रावर होती, आणि त्या नजरेत काय होतं ते मला लख्ख कळलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. माणूस चालायचा थांबला, जेवायचा थांबला, सगळं समोर दिसत होतं. तरी मनाच्या एका कोपऱ्यात ते खूळ जिवंत होतं, की यंत्रच बिघडलं असेल. त्या तेजसच्या दिवशीच काहीतरी चुकलं असेल.

"थांबा," मी म्हटलं. "माझ्यावर लावा."

दीपमालाने मान वळवायचा प्रयत्न केला. "ताई? तुम्ही?"

"हो, मी. इतकी वर्षं मागत होतीस ना? घे."

पुरुषमंडळी पडद्यापलीकडे गेली. मी टेबलावर चढले, साडी वर घेतली. जेली बर्फासारखी गार. अस्मिताने पट्टी लावली आणि काडी ठेवली. दीपमाला खुर्चीतून सांगत होती, "थोडी आत. आणखी. हं, तिथे." मी डोळे मिटले. भीती वाटत होती का? नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी सौदा केला. म्हटलं, देवा, माझा डोंगर येऊ देऊ नकोस. बुटका येऊ दे, आलाच नाही तरी चालेल. माझी साठी आली, माझे पाय ने. पण हे यंत्र बिघडलेलं निघू दे. पडद्याखालून मला आनंदच्या चपला दिसल्या होत्या, अगदी पडद्याला टेकून उभ्या.

पाय ताडकन उडाला. मी डोळे उघडले.

पडद्यावर डोंगर होता. उंच, सरळ, देखणा. दीपमालाचा पूर्वी यायचा तसाच. स्वतःच्या धडधाकट पायाचा असा तिटकारा मला कधी आला नव्हता. मला रडू आवरेना.

दीपमालाने तो डोंगर पायथ्यापासून टोकापर्यंत पाहिला, पेशंटचा पाहायची तसाच, सावकाश.

"मशीन चांगली आहे, ताई," ती म्हणाली. मग आनंद उभा होता त्या पडद्याकडे तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्याने, "अहो, मशीन चांगली आहे."

पडद्याखालच्या चपला थोडा वेळ तशाच राहिल्या, आणि मग मागे सरकल्या.

तिने स्वतःचा पाय लावू दिला नाही. तो आता नको म्हणाली. अस्मिताकडून कोमट पाण्याचं फडकं मागून घेतलं. बोटांत धरता येईना, म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरलं आणि माझ्या मांडीवरची जेली पुसायला लागली. एकदा फडकं पडलं, अस्मिताने उचलून पुन्हा तिच्या हातांत दिलं. बराच वेळ लागला. मी पाय हलवला नाही.